मेटलचं पाकीट टिकाऊ हवं, तर धातू कोणता घ्यावा?

दोन पत्र्यांचं कार्ड-पाकीट स्वतः करायचंय, अ‍ॅल्युमिनियम, स्टील की टायटॅनियम, असं तुम्ही विचारलंय. तिन्ही टिकतील. ८६ × ५४ मिमीच्या, १.५ मिमी जाड दोन पत्र्यांचं वजन अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण ३८ ग्रॅम भरतं, टायटॅनियममध्ये ६२, स्टेनलेसमध्ये ११०. ‘टायटॅनियम म्हणजे आयुष्यभर’ हे ऐकून माझे कान किटलेत. पत्रा झिजून पाकीट कामातून जात नाही. जातं ते दोन पत्रे एकत्र धरणारं इलॅस्टिक, नाहीतर स्क्रूचे आटे.

इलॅस्टिकचं गणित बघा. कार्ड ०.७६ मिमी जाड. एकाची बारा कार्डं झाली की पत्र्यांमधली फट ८.४ मिमीने वाढते. पट्टी कडेलाच दाबून बसवलेली आणि तिची मोकळी लांबी १० मिमी असेल, तर ती ८४ टक्के ताणली जाते, तीही दिवसभर, अंगाच्या उबेत. सैल पडणारच! तीच पट्टी गोल शिवून दोन्ही बाजूंच्या खोबणीतून ५०-५० मिमी मोकळी फिरू दिली, तर दोन्हीकडची मिळून १६.७ मिमी वाढ शंभरेक मिमीवर विभागते. ताण १७ टक्क्यांच्या आसपास. म्हणून ती कुठेही चिकटवू नका. शिवण खोबणीच्या मधोमध ठेवा, तोंडाशी बर (कापल्यावर राहिलेली धारदार कोर) काढून कडा ०.५ मिमी गोल करा, नाहीतर धारेने धागे तुटतात.

१.५ मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये एम२ (२ मिमी व्यासाच्या) स्क्रूचे आटे पाडूच नका. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.४ मिमी, म्हणजे धड चार आटेही मिळत नाहीत. दोन-चारदा उघडलं की घसरतात. स्क्रू बसतो ती आतली धातूची पट्टी २ मिमी स्टेनलेसची घ्या, १.६ मिमीचं ड्रिल मारून तिच्यात आटे पाडा. इलॅस्टिक कधीतरी बदलावंच लागेल, म्हणून स्क्रूला जांभळं लॉकटाइट २२२ (स्क्रू सैल होऊ न देणारा, पण उघडता येणारा गोंद) लावा, घट्ट धरणारं लाल नको. आधी तेल पुसा. स्टेनलेसवर ते सावकाश धरतं, रात्रभर राहू द्या.

अ‍ॅल्युमिनियमच घेणार असाल तर भोकं, कडा सगळं झाल्यावर अ‍ॅनोडायझिंगला (पृष्ठभागावर संरक्षक ऑक्साइडचा थर चढवायला) द्या. मुंबई-कोकणच्या घामात उघड्या भोकापाशी स्टेनलेस स्क्रूभोवती पांढरी पूड धरते.

५००ची नोट १५० × ६६ मिमी. अर्ध्यात दुमडली तर ती पत्र्याबाहेर १२ मिमी डोकावते, तिहेरी दुमडली तर ५० × ६६ होऊन नीट बसते. नोटांची क्लिप त्या हिशोबाने लावा.

आणि हो, पत्र्यांमधलं कार्ड मशीनला नुसतं टेकवून (टॅप करून) चालत नाही, मेट्रोचंही नाही. दर वेळी बाहेर काढावं लागेल, म्हणून अंगठ्याची खाच १८ ते २० मिमी रुंद ठेवा.