गाव जोडलेलं आहे, पाडा नाही

वाचकांचे प्रश्न : रस्ता, साकव, एसटी
(उत्तरं देणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. ४१ घरं, २३० माणसं, सगळे वारली. मूळ गाव साडेतीन किलोमीटरवर. पाड्यातून निघालं की आधी ओहोळ लागतो, तो ओलांडला की पाव किलोमीटरवर कातकऱ्यांची २७ घरं, आणि पुढे १४०० मीटर वनखात्याची जमीन (वनरक्षकानेच मोजून सांगितली). पावसात ओहोळ भरला की आम्ही अलीकडे अडकतो. गेल्या वर्षी भावजयीला कळा सुरू झाल्या तेव्हा चादरीची झोळी बांबूला बांधून तिला नेलं. बाळ वाटेतच झालं. दोघं सुखरूप आहेत. रस्त्यासाठी तीन अर्ज केले. दर वेळी उत्तर एकच : ‘आपले गाव डांबरी रस्त्याने जोडलेले आहे.’ आता काय करू?

उत्तर : सेविकाताई, त्या रात्रीची गोष्ट तुम्ही दोन ओळींत उरकलीत. अर्जात मात्र ती नीट लिहा, तारखेसकट. झोळी किती वाजता उचलली आणि गावात किती वाजता पोचलात, तेही लिहा.

तुम्हाला आलेलं उत्तर खोटं नाही, हीच खरी अडचण आहे. कागदावर गाव म्हणजे महसुली गाव. त्याच्या मुख्य वस्तीपर्यंत डांबर पोचलं की गाव जोडलं गेलं. आपल्याकडे एका गावाचे आठ-आठ, दहा-दहा पाडे, त्यातला एखादा टेकडीच्या पार पाठीमागे. मी १९८८ साली ओव्हरसियर म्हणून लागले तेव्हा माझ्या हाती आलेल्या नकाशावर गावाचा एक ठिपका होता, पाडे नव्हतेच. तुम्ही तिन्ही अर्जांत ‘आमच्या गावाला रस्ता द्या’ असं लिहिलं असणार. चौथ्यात ‘गाव’ हा शब्दच नको. पाड्याचं नाव घाला आणि ‘वस्ती’ लिहा.

कारण प्रधानमंत्री ग्रामसडक योजना (२५ डिसेंबर २००० पासूनची) गाव मोजत नाही, वस्ती मोजते. बारमाही रस्त्यापासून निदान ५०० मीटर लांब असलेली वस्ती ही न जोडलेली वस्ती. लोकसंख्या सपाटीवर ५०० लागते, अनुसूचित क्षेत्रात २५०. तुमचा पाडा २३०, म्हणजे वीस माणसं कमी. पण ५०० मीटरच्या आत दुसरी वस्ती असेल तर दोघींची माणसं एकत्र धरता येतात, हे त्याच योजनेच्या नियमांत आहे. ओहोळापलीकडची घरं पाव किलोमीटरवर आहेत. मग तुम्ही वीसने कमी कशा?

आकडा मात्र जनगणनेचा धरतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्याला २०११चा धरलाय. छापील जनगणनेत आकडा अख्ख्या गावाचा असतो, पाड्याचा वेगळा सापडत नाही. मग तो पाड्यापाड्यांत वाटून कोण लिहितं? आमच्यासारखं कुणीतरी, पंचायतीच्या ओसरीवर चहा घेत. मीही असे आकडे लिहिलेत. सरपंच सांगतील ते, आणि सरपंच बहुधा मोठ्या पाड्याचे. तुमच्याकडे अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर आहे, घरवार नावांनिशी. त्यातल्या २०११च्या आसपासच्या पानांची प्रत काढा आणि ग्रामसेवकाच्या सहीशिक्क्याने अर्जाला जोडा. जुनी रजिस्टरं रद्दीत गेली नसतील अशी आशा करते.

आता कातकऱ्यांची २७ घरं. तुम्ही ती ओघात लिहिलीत, पण तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची ओळ तीच. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आपल्या राज्यातल्या तीन जमाती केंद्राच्या विशेष असुरक्षित यादीत आहेत. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन अभियान सुरू झालं. त्यात रस्त्यासाठी वस्तीची अट फक्त १०० माणसांची आहे. २७ घरांत शंभर माणसं सहज निघतील. अभियान २०२३-२४ पासून तीन वर्षांचं मंजूर झालं होतं. म्हणून त्या वस्तीचं नाव यादीत गेलंय का, हे याच आठवड्यात आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा. नाव असेल तर पुढची काळजी वेगळी : रस्ता त्यांच्या शेवटच्या घराशी थांबेल आणि ओहोळ तुमच्या वाट्याला तसाच राहील. आमच्या खात्यात अंदाजपत्रक लाभार्थी संपला की संपतं. तेव्हा दोन्ही पाड्यांनी मिळून एकच ठराव करा. त्यात रस्त्याचं शेवटचं टोक म्हणून तुमची अंगणवाडी लिहा.

वनजमिनीला घाबरू नका, फक्त गुणाकार करा. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) : शाळा, दवाखाना, रस्ता अशा तेरा कामांना प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. निर्णय उपवनसंरक्षकांच्या पातळीवर होतो, दिल्ली-नागपूरची वारी नाही. आता हिशेब. १४०० मीटर लांबी आणि साडेसात मीटर रुंदी धरली तर १०,५०० चौरस मीटर होतात, म्हणजे हेक्टरच्या वर, म्हणजे फाइल मोठ्या रांगेत. तीच रुंदी सहा मीटर धरली की ८,४०० होतात आणि काम भागतं. डोंगरातल्या ग्रामीण रस्त्याला सहा मीटर पुरतात, त्यातलं डांबर तर तीन-पावणेचार मीटरच असतं. पण प्रस्ताव करणारा पोरगा सवयीने साडेसात टाकतो. मोजणीला आला की त्याला चहा द्या आणि रुंदी विचारा. आणि आखणी तुमच्या आताच्या पायवाटेवरूनच राहू द्या, तिथे झाडं आधीच नाहीत.

आता ओहोळ. रस्ता मंजूर होऊन डांबर पडायला किती पावसाळे जातील ते मी सांगणार नाही. पण तुमचा पाडा तुटतो तो रस्त्याने नाही, त्या ओहोळाने तुटतो. म्हणून साकवाची, म्हणजे ओहोळावरच्या छोट्या पुलाची, मागणी वेगळ्या कागदावर, आजच करा. साकव झाला तर झोळी निदान पलीकडे तरी जाईल.

आणि तो मापाचा होऊ द्या. नव्वदीत मी अशाच एका ओहोळावर मोरी (रस्त्याखालून पाणी जायला पाइपांची वाट) आखायला गेले होते. टेप धरायला पाड्यातले एक आजोबा आले. त्यांनी मला उंबराच्या झाडाशी नेलं. माझ्या डोक्याच्या वर, फांदीच्या बेचक्यात, वाळकं गवत, काटक्या आणि कुणाच्या तरी घोंगडीचा तुकडा अडकला होता. ‘बाय, पानी आठवर (इथवर) येतं,’ म्हणाले. मी वहीत पूररेषा लिहिली, चार पाइप दाखवले. वर गेल्यावर निधीत बसवायला त्याचे दोन झाले आणि सुधारित नकाशावर सही माझीच. पहिल्याच जुलैत भराव वाहून गेला, पाइप खाली शेतात जाऊन पडले. नंतर पाड्यात गेले तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत, बसायला खाट टाकली फक्त. तुमच्या ओहोळाकाठी असं झाड असेलच. त्याचा फोटो काढा, शेजारी माणूस उभा करून, आणि अर्जाला लावा.

शेवटचं, थोडक्यात : रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर तो ‘योजनाबाह्य’ आणि निधी मागताना दर वेळी तिथेच अडेल.

प्रश्न : मॅडम, रस्ता आमच्या भाताच्या खाचरातून जातोय. सात-आठ गुंठे जातील. मोबदला मिळेल का? सगळे म्हणतात सही कर, नाहीतर रस्ता तुझ्यामुळे अडला असं होईल. (एक शेतकरी, पेठ तालुका)

उत्तर : ग्रामसडक योजनेच्या पैशातून जमिनीचा मोबदला देता येत नाही. जमीन राज्याने उपलब्ध करून द्यायची असते, आणि प्रत्यक्षात ती तुमच्यासारख्यांच्या संमतीपत्रावर मिळते. सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा, गावाने नव्हे. करणार असाल तर कोऱ्या कागदावर नको. गट नंबर, किती गुंठे, बांधापासून किती फूट, हे नकाशासह लिहून घ्या. आणि बदल्यात दोन गोष्टी लेखी मागा : तुमच्या उरलेल्या खाचरात पाणी जायला रस्त्याखालून पाइप आणि गाडी उतरवायला उतार. भरावाने पाणी अडलं तर गेलेल्या आठ गुंठ्यांपेक्षा उरलेलं शेत जास्त रडवतं.

प्रश्न : ताई, रस्ता होऊन दोन पावसाळे झाले, एसटी नाही. आगारात म्हणतात भारमान मिळणार नाही. जीपवाला माणशी पन्नास घेतो आणि मुलींना टपाच्या शिडीवर उभं करतो. (बचत गटाच्या भगिनी, अकोले तालुका)

उत्तर : भारमान म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या. ‘दिवसातून तीन फेऱ्या द्या’ म्हणालात तर दुपारची गाडी रिकामी धावणार आणि सरासरी तुमच्यावरच उलटणार. एकच मागा, मुक्कामी गाडी. संध्याकाळी शाळा-कॉलेज सुटल्यावर तालुक्याहून येणारी, रात्री तुमच्याकडे राहणारी आणि पहाटे सुटणारी. सकाळी दवाखान्याची, दुधाची, शाळेची माणसं तिच्यातच बसतील. शिवाय आठवडी बाजाराच्या दिवशी एक जादा फेरी.

‘आमच्याकडे सगळ्या सवलतवाल्याच’ असं म्हणून मागे राहू नका. मुलींचा बारावीपर्यंतचा मोफत पास, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, या सगळ्याची भरपाई सरकार महामंडळाला देतं. म्हणून पासधारक मुलींची नावं शाळेकडून घेऊन यादी जोडा.

अर्जाआधी एक करा. आगाराची माणसं मार्ग बघायला येतील तेव्हा गाडी वळवायला जागा लागेल, आणि चालक-वाहकाला झोपायला पंख्याची खोली. समाजमंदिराची किल्ली कुणाकडे असते ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी ती तुमच्याकडे असू द्या.