नाट्यगृह बंद असताना करायची कामं : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मार्च २०२० च्या मध्यावर पुण्यातली नाट्यगृहं बंद झाली. ५ नोव्हेंबर २०२० पासून ती निम्म्या खुर्च्यांवर उघडायला परवानगी मिळाली, एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत निम्म्यावर सुरू झाली. त्या दिवसांतून नाट्यगृहांनी, संगीतवर्गांनी आणि छोट्या सभागृहांनी काय शिकून ठेवावं, याबद्दल आलेल्या पत्रांतली ही काही. उत्तरं नाट्यगृह व्यवस्थापन, ध्वनी-प्रकाश आणि संगीत शिक्षण या क्षेत्रांतल्या जाणकारांनी दिली आहेत.

आमच्या संस्थेचं २२० खुर्च्यांचं सभागृह आहे. कोरोनात आम्ही कुलूप लावून बसलो, त्याची कार्यकारिणीला आजही खंत आहे. पुन्हा तशी वेळ आलीच, तर मदत कुठून सुरू करायची? धान्याचे किट वाटायचे का?
*– कार्यवाह, कोथरूड*

किट नंतर. आधी यादी, आणि ती आजच करायला घ्या. नाट्यगृहाकडे एक माहिती असते जी इतर कुठल्याही कार्यालयात मिळत नाही : रात्री साडेअकराला सेट उतरवून टेम्पोत भरणारी माणसं कोण आहेत आणि राहतात कुठे. जाहिरातीत नट आणि दिग्दर्शक दिसतात. त्यांच्यामागे नेपथ्य लावणारे, लाइटवाले, साउंडवाले, रंगभूषाकार, कपडेपट सांभाळणारे, बुकिंगच्या खिडकीतले, डोअरकीपर, टेम्पोचालक, कॅन्टीनमधली मुलं असतात. यातले बहुतेक जण ‘नाइट’वर काम करतात. प्रयोग झाला तर पैसे, नाही तर नाही. प्रयोग थांबले त्याच आठवड्यात त्यांची मिळकत शून्यावर आली.

यादीत नाव, काम आणि पत्ता तर हवाच. शिवाय घरात माणसं किती, रेशनकार्ड इथलं की गावाकडचं, बँक खात्याचा तपशील, रोज लागणारी औषधं आणि दुसऱ्या कुणाचा तरी फोन नंबर. हा दुसरा नंबर बहुतेक संस्था विसरतात. मिळकत थांबली की दुसऱ्या महिन्यात रिचार्ज संपतो, फोन लागत नाही आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तोच माणूस यादीतून निसटतो. रेशनकार्डाचा रकाना का, तर एप्रिल २०२० पासून केंद्राच्या योजनेत माणशी ५ किलो धान्य मोफत मिळू लागलं. ज्याचं कार्डच नाही किंवा कार्ड गावाकडे आणि माणूस पुण्यात, त्याच्याकडे आधी पोहोचायला हवं.

आता किट. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण १० किलो कणीक, ८ किलो तांदूळ, ३ किलो तूरडाळ, २ किलो कडधान्य, ३ लिटर तेल, २ किलो साखर, अर्धा किलो चहा, १ किलो शेंगदाणे, मीठ-तिखट-हळद आणि साबण लागतात. याचं वजन ३० किलोच्या आसपास जातं. गाड्या बंद असताना हे पोतं कात्रजच्या चढावर कोण नेणार? म्हणून पंधरा दिवसांचे दोन भाग करा. सगळी मदत धान्यात देऊ नका. सिलिंडर संपला असेल, मधुमेहाची गोळी आणायची असेल, घरमालक दारात उभा असेल, तर डाळीचा उपयोग नाही. निम्मी मदत थेट खात्यात जमा करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि देताना फोटो काढू नका. पन्नाशीतला एखादा रंगभूषाकार, ज्याच्यासमोर मोठमोठे नट मान वर करून बसले, तो फोटोच्या रांगेत उभा राहणार नाही. तो उपाशी राहील. किट घरी पोहोचवा, आणि त्याच्या कामाच्या ओळखीचा माणूस पोहोचवायला पाठवा.

तमाशाच्या फडांसाठी शहरातल्या सभागृहाला काही करता येतं का?
*– एक वाचक, नारायणगाव*

येतं, पण महिनाभराचं धान्य देऊन भागत नाही, कारण तोटा वर्षाचा असतो. फडांचा हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत. त्यातली मोठी कमाई चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांची, आणि त्यांच्या सुपाऱ्या, म्हणजे प्रयोगांचे करार, तुमच्याच गावातल्या राहुट्यांमध्ये, म्हणजे फडांच्या तंबूवजा कचेऱ्यांमध्ये, ठरतात. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, म्हणजे टाळेबंदीचा पहिलाच दिवस. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला, आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्यभर कडक निर्बंध. दोन्ही चैत्र गेले. फडमालकांनी कलावंतांना उचल देऊन ठेवलेली होती, ती अंगावर पडली.

शहरातल्या सभागृहाने करायचं ते हे : उघडल्यानंतरच्या एक-दोन प्रयोगांची सुपारी आत्ताच द्यायची, निम्मी रक्कम आगाऊ, तारीख मोकळी, आणि हे सगळं कागदावर. ही मदत नाही, काम आहे; फडमालक ते आनंदाने घेतो. ‘ऑनलाइन एक लावणी करून पाठवा’ असं मात्र फुकटात सांगू नका.

मी तीस वर्षं तबला शिकवतो. ऑनलाइन वर्गात गाणाऱ्या विद्यार्थिनीला साथ करायला गेलो की ठेका मागेच पडतो. शिवाय तिचा तानपुरा मला ऐकूच येत नाही. दोष नेटचा की माझ्या मोबाइलचा?
*– तबला शिक्षक, सदाशिव पेठ*

दोन्हींचा नाही. हे दोन वेगळे त्रास आहेत, म्हणून सुटे सांगतो.

ठेक्याचं आधी. तुमची थाप तिच्यापर्यंत जायला आणि तिचा सूर परत यायला वेळ लागतो. समोरासमोर बसून वाजवताना साधारण २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कानाला चालतो. व्हिडिओ कॉलवर तो सहज १५० च्या पुढे जातो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. म्हणजे सम तुमच्याकडे येते तेव्हा तिच्याकडे अर्ध्याहून जास्त मात्रा सरलेली असते. दोघंही एकमेकांसाठी थांबत राहता आणि लय घसरत जाते. महागडा फोन घेतला तरी हे जाणार नाही. ऑनलाइन एकत्र वाजवायचा नाद सोडाच. तुम्ही ठरलेल्या लयीतला दहा मिनिटांचा ठेका रेकॉर्ड करून पाठवा. तो तिच्या खोलीत, तिच्या स्पीकरवर वाजेल, ती त्यावर गाईल आणि तुम्ही माइक बंद ठेवून ऐकाल. उशिराने ऐकाल, पण ठेका आणि गाणं एकत्रच येतील, त्यामुळे सम चुकली तर बरोबर कळेल.

तानपुऱ्याचं कारण गमतीचं आहे. कॉलचं अॅप पंख्याचा, स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज दाबायला बनवलेलं असतं. सतत, न बदलता चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, एवढंच त्याला कळतं. तानपुरा नेमका तसाच. म्हणून अॅप आधी तानपुरा गिळतं, मग लांबवलेला षड्जही खाऊ लागतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय चालू करा, आणि तो विद्यार्थिनीच्या बाजूलाही चालू हवा. दोघांनीही वायरचे इअरफोन वापरा, नाही तर आवाज फिरून परत येईल. मात्र वायर जोडली की ठेका किंवा तानपुरा वाजवायला तिला वेगळं यंत्र लागेल, एकाच फोनवर दोन्ही होणार नाही.

तबला मोबाइलपासून किमान तीन फूट लांब ठेवा. जवळ ठेवला तर डग्ग्याचा घुमारा फाटतो.

नाटक मोबाइलवरून थेट दाखवलं तेव्हा चेहरे पांढरेफटक आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. काय चुकलं?
*– हौशी नाट्यसंस्था, सिंहगड रोड*

मोबाइलने अंधाऱ्या रंगमंचाकडे बघून स्वतःहून उजेड वाढवला. एक्स्पोजर नटाच्या चेहऱ्यावर ठरवून लॉक करा. हॅलोजन दिवे असतील तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ३२०० केल्विनवर आणि चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमवर ठेवा; आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३० फ्रेमवर काही दिवे लुकलुकतात.

आवाज मोबाइलच्या माइकवर घेऊच नका, तो सभागृहाचा घुमारा गोळा करतो. साउंडवाल्याकडे त्याच्या मिक्सरचा, म्हणजे सगळे माइक एकत्र करणाऱ्या यंत्राचा, वेगळा ऑक्स (आवाज बाहेर काढायची स्वतंत्र जोडणी) मागा. मिक्सरमधून येणारा आवाज मोबाइलच्या मानाने फार जोरकस असतो, थेट जोडला तर फाटतो. मध्ये छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे तो आवाज मोबाइलला झेपेल असा करणारं यंत्र, लावा. अपलोडला सलग ५ एमबीपीएस वेग हवा, तोही प्रयोगाच्याच वेळी मोजलेला. आणि लेखकाने रंगमंचावरच्या प्रयोगाची परवानगी दिली म्हणजे इंटरनेटची दिली असं नाही. ती वेगळी लेखी घ्या. नाटकात सिनेमाचं गाणं असेल तर हक्कांच्या कारणावरून प्रक्षेपण मधेच बंद पडू शकतं.

आमचे कितीतरी प्रेक्षक सत्तरीपुढचे, एकटे राहणारे. त्यांना लिंक उघडता येत नाही. त्यांच्यासाठी काय?
*– नाट्यवाचन मंडळ, कर्वेनगर*

साधा फोन. आठ ते दहा मिनिटांचं अभिवाचन, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, शक्यतो दुपारी चार ते पाच, आणि दर वेळी तोच वाचक. वेळ चुकवू नका. साडेचारचा फोन यायचा म्हणून आजी चारलाच खुर्ची ओढून बसलेल्या असतात. साध्या फोनवर साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जात नाही, आणि म्हातारपणी कानही नेमका तोच भाग आधी सोडतात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ एकमेकांत मिसळतात. ओरडून उपयोग होत नाही. सावकाश वाचा, वाक्य संपल्यावर थांबा आणि स्पीकरफोन टाळा. वाचन झालं की पाच मिनिटं गप्पांना ठेवा. औषध संपलंय, गॅस मिळालेला नाही, हे त्याच पाच मिनिटांत कळतं. ते लगेच वहीत लिहा आणि मदतीची यादी सांभाळणाऱ्याला कळवा.

सभागृह लसीकरणाला द्यायचं झालं तर?
*– विश्वस्त, सहकारनगर*

प्रेक्षागार देऊ नका, फॉयर (प्रेक्षागाराबाहेरचं दालन) आणि आवार द्या. एसी लावून बंद केलेल्या हॉलमध्ये तीच हवा फिरत राहते. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा तीन जागा लागत : प्रतीक्षा, लस, आणि नंतर अर्धा तास निरीक्षण. तासाला ६० जणांना लस दिली तर निरीक्षणात एका वेळी ३० माणसं असतात. सोबतचे धरून ४० खुर्च्या मांडा, एकही पायरी न चढता पोहोचता येईल अशा जागी. नोंदणीच्या संगणकाला जनरेटरवरचा प्लग द्या.

सहा महिने बंद राहिलेलं सभागृह उघडलं तेव्हा पडद्याला बुरशी, स्वच्छतागृहात कुबट वास आणि रंगमंचाचे दिवे कमी-जास्त करणारे अर्धे डिमर बंद. हे टळलं असतं का?
*– व्यवस्थापक, पुणे*

आठवड्याला दोन माणसांचे तीन तास दिले असते तर बहुतेक सगळं टळलं असतं. पुण्यात जून ते सप्टेंबर पडदा गुंडाळून किंवा बांधून ठेवू नये. तो पूर्ण सोडावा आणि त्याच्यामागे भिंतीपासून हवा खेळेल एवढी जागा ठेवावी. कोरड्या दिवशी दारं समोरासमोर उघडून मोठे पंखे दोन तास चालवावेत. बुरशी आलीच तर पडदा बाहेर काढून, तोंडाला मास्क लावून, कोरड्या ब्रशने झटका. आगरोधक लेप दिलेला पडदा धुतला तर लेप जातो आणि तो पुन्हा द्यावा लागतो. अनेकांनी मखमलीवर हायपोक्लोराइट फवारलं. त्याने रंग उडाला, आणि मिक्सरच्या बटणांखाली गंज धरला, तो वेगळाच.

कुबट वास येतो कारण फरशीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपमधलं, पाणी आटतं आणि गटाराची हवा वर येते. दर आठवड्याला प्रत्येक जाळीत एक बादली पाणी ओता, सगळे नळ पाच मिनिटं सोडा, टाक्यांची झाकणं तपासा. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ आठवडा-दहा दिवसांत पुरी होते, म्हणून ही फेरी आठवड्याची, पंधरवड्याची नाही.

डिमर बंद पडले ते बहुधा उंदरांनी केबल कुरतडल्यामुळे किंवा दमटपणामुळे. उघडल्या दिवशी सगळे एकदम चालू करू नका. आधी इलेक्ट्रिशियनकडून केबल तपासा, मग एकेक सर्किट कमी उजेडावर अर्धा तास चालवा. जनरेटर पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटं, आणि तोही लोड देऊन चालवायचा. नुसता घुरघुरत ठेवला तर त्यात काजळी धरते. हार्मोनियम उन्हात ठेवू नका, लाकूड तडकतं. कोरड्या खोलीत दर आठवड्याला दहा मिनिटं भाता चालवून खालपासून वरपर्यंत प्रत्येक स्वर वाजवा. एखादी पट्टी अडकत असेल तर ती तेव्हाच लक्षात येते.