मयुरीला सुधारू नकोस

प्रिय,

तुझ्या कुमार-कादंबरीतली सुपरहिरो मयुरी थापाडीच राहू दे. तुझ्या लांबलचक मेलला माझं उत्तर एवढंच आहे. पुढचं वाचायचं तर वाच, नाहीतर सरळ लिहायला बस.

कार्यशाळेत कुणीतरी म्हणालं, ‘कुमारांचं पुस्तक आहे, सुपरहिरो खोटं कसं बोलेल?’ झालं, तू घरी येऊन चौथं प्रकरण धुऊन काढलंस. आता मयुरी थापा मारते, पण त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. आईला म्हणते क्लासला होते, आई म्हणते बरं, आणि गाडी पुढच्या प्रसंगाला. अगं, मग ती थाप ठेवलीसच कशाला? नायिकेत दोष ठेवायचा तर त्याचं बिल कुणीतरी भरलं पाहिजे. बिल आलं नाही तर तो दोष नाही, नुसती वेशभूषा आहे.

वेशभूषा मी उगाच म्हणत नाही. १९३८ साली सुपरमॅन आला, तेव्हापासून ही सोय चालत आली आहे. क्लार्क केंट हे सुपरमॅनचं रोजचं सोंग, त्याचा चष्मा आणि त्याचा भित्रेपणा एकाच खुंटीवर टांगलेले. आपल्याकडे १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं, त्यातला पुढे आलेल्या दातांचा गंगाधरही तसाच. मजा यायची, नाही कशाला म्हणू? पण तो बावळटपणा गरज संपली की काढून ठेवता येत होता. मयुरीच्या थापा तशा काढून ठेवता येणार असतील तर मला त्यांत रस नाही.

उलट १९६२चा स्पायडरमॅन बघ. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोची ती पहिली गोष्ट अवघी अकरा पानांची, तीही बंद पडणाऱ्या मासिकाच्या शेवटच्या अंकात आलेली. शक्ती मिळाल्यावर पोरगा आधी काय करतो? टीव्हीवर खेळ करून पैसे मिळवायला लागतो. डोक्यात हवा. समोरून चोर पळतो, पोलीस ओरडतो की अडव त्याला, आणि हा बाजूला उभा. माझं काय काम? पुढे तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. हे आहे बिल. आणि ‘मोठी शक्ती आली की मोठी जबाबदारीही येते’ हे वाक्य, जे आता टी-शर्टांवर छापतात, ते त्या मूळ गोष्टीत काकांच्या तोंडी नाहीच. शेवटच्या चौकटीत निवेदक ते म्हणतो, सगळं होऊन गेल्यावर. तुझ्या कार्यशाळेतल्या लोकांना ते वाक्य पहिल्या पानावर हवंय.

आता तू म्हणशील, सर, माझी कादंबरी हलकीफुलकी आहे, मला कुणाला मारायचं नाही. मारू नकोसच. डोंबिवलीत आणखी एक शोकांतिका कुणाला हवी आहे? खड्ड्यात रुतलेल्या रिक्षेला मयुरी हात लावते, रिक्षेचं वजन नाहीसं होतं, ती तरंगायला लागते आणि आतले काका तशातही मीटरवरून भांडत राहतात, ते पान वाचताना मी एकटा हसत होतो. त्याला बोट लावू नकोस. पण रेश्माकडे बघ. मैत्रिणीसाठी ती फोनवर बिनधास्त सांगते, ‘काकू, मयुरी इथंच आहे, बाथरूममध्ये आहे.’ विनोद छान जमलाय. आता हाच फोन कबड्डीच्या जिल्हा निवडीच्या सकाळी येऊ दे. मयुरीच्या आईला संशय आलाय, ती ‘तिथंच थांब, मी येते’ म्हणते, आणि रेश्मा आपली निवड सोडून रिकाम्या बाथरूमवर पहारा देत बसते. वाचणारा आधी हसेल, मग त्याला रेश्माची बॅग दिसेल, दाराशी भरून ठेवलेली. बिल रेश्मानं भरलं. मयुरीला ते कळायला दोन प्रकरणं जाऊ देत.

आणखी एक, जे तुझ्या कार्यशाळेत कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही. सुपरहिरोच्या गोष्टीचा पायाच खोटं बोलण्यावर आहे. मुखवटा घालायचा, घरच्यांना फसवायचं, आणि त्याला कर्तव्य म्हणायचं. तुझी नायिका आधीपासूनच थापाडी असल्यामुळे तिला हे काम फार सोपं जातं, फार आवडतं. ही तुझ्या हातातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे आणि तीच तू काढायला निघालीस!

मी चिडून लिहितोय हे मला कळतंय. माझ्या कुमार-कादंबरीतला मुलगा भुरटा चोर होता. एका प्रकाशकांनी सांगितलं, शेवटी त्याला सगळा माल परत करताना दाखवा, शाळांच्या वाचनालयांत पुस्तक जाईल. मी नाही म्हटलं. पुस्तक मग दुसरीकडून निघालं, पिवळट कागदावर, आणि शाळांपर्यंत कधी पोचलंच नाही. ती रुखरुख आहे. ज्या वयाच्या मुलांसाठी लिहिलं, त्यांच्या हातात ते पडलं नाही. घरात अजून ‘तुमचा हेकटपणा’ म्हणून तो विषय निघतो. निघू दे. त्या मुलानं माल परत केला असता, तर त्याच्याऐवजी मार खाल्लेला त्याचा भाऊ गोष्टीत कशासाठी होता, हे मला कुणी अजून सांगितलेलं नाही. असो. हे तुझ्या मेलचं उत्तर नव्हे.

फास्टर फेणे आठव. भा. रा. भागवतांचा तो काडीपैलवान नको तिथे नाक खुपसतो म्हणून संकटात पडतो, आणि नाक खुपसतो म्हणूनच गोष्ट घडते. ती खोड काढ, मग राहतो एक ‘ट्टॉक’ करणारा शहाणा मुलगा. कोण वाचेल?

शेवटच्या प्रकरणात मयुरी ‘आता मी कधीच खोटं बोलणार नाही’ म्हणते, ते वाक्य आजच उडव. ती रेश्माची माफी मागेल, ठीक आहे, पण मागतानाही तिच्या तोंडून एखादी छोटी थाप निसटू दे, आणि रेश्माला ती कळू दे.

पहिली तीन प्रकरणं परत पाठवू नकोस, ती झालीत. बदललेलं चौथं फाईलमधून काढून टाक, जुनं परत लाव, आणि कबड्डीचा प्रसंग लिहून झाला की तेवढाच पाठव. डोळ्यांचं ऑपरेशन आहे, त्यामुळे पुढच्या आठवड्यात वाचणं जमणार नाही. अक्षर जरा मोठं ठेव.

तुझा,
सर