ठाणे आणि आसपासचा मुलूख समजून घ्यायला काय वाचावं? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला नुकतेच राहायला आलात, ठाण्याबद्दल वाचायची इच्छा आहे, पण दुकानात काही सापडत नाही. सापडणारही नाही फारसं. ठाणं भेटतं ते साष्टी (ठाणं ज्या बेटावर आहे ते), उत्तर कोकण, वसई, शिलाहार (इथलं जुनं राजघराणं) अशा नावांखाली. त्यामुळे शहराचं पुस्तक शोधण्यापेक्षा मुलखाचं वाचा, आणि वाचायला आपल्या दारापासून लागा.

त्यासाठी जुन्या गॅझेटियरला, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाला, तोड नाही. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८२ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड निघाले. तेराव्या खंडात लोक, शेती, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल असं सगळं आहे. चौदाव्यात नुसती ठिकाणं, इंग्रजी अक्षरक्रमाने. भाषा जुनी इंग्रजी असली तरी समजते, आणि स्कॅन केलेल्या प्रती नेटवर फुकट मिळतात. तुम्ही आधी चौदावा उघडा आणि 'घोडबंदर' काढा. मग ठाणे, कल्याण, अंबरनाथ. वाचलं की त्या त्या जागी एक चक्कर मारून या. तेरावा खंड मग आपसूकच हातात घ्याल.

असं का म्हणतो ते ठाण्याच्या किल्ल्यावरून सांगतो. किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. कळव्याच्या पुलाकडे जाताना त्याची भिंत दिसते, पण बहुतेकांना ती फक्त जेलची भिंत वाटते. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, पुरा व्हायच्या आत १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. १७८७ मध्ये तिथे खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट निघाला, शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी इथेच कोंडलं होतं, आणि १८१६ च्या सप्टेंबरात ते इथूनच निसटले. पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याची निगा करता करता मराठीत गाणं म्हणायचा आणि पळून जायचा बेत त्या गाण्यातून आत पोचवायचा. पहारेकऱ्यांना एक अक्षर कळत नव्हतं! कलकत्त्याचे बिशप हेबर १८२५ साली ठाण्याला आले होते, त्यांनी ही हकिकत आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली आहे. एका भिंतीमागे एवढं सगळं आहे हे कळल्यावर तिच्यावरून नुसतं पुढे जाववत नाही.

मात्र गॅझेटियर हे राज्यकर्त्याचं पुस्तक आहे, हे वाचताना विसरू नका. त्यात वारली समाजाबद्दल सविस्तर माहिती आहे, पण ती अधिकाऱ्याच्या खुर्चीवरून पाहिलेली. ती वाचून झाली की लगेच गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' घ्या. १९४५ च्या वारली उठावाची ही हकिकत त्यात प्रत्यक्ष उतरलेल्या बाईंनी लिहिली आहे. वेठबिगार म्हणजे काय आणि लग्नगडी कोणाला म्हणत, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे कसं राबायचं, हे त्यात वाचाल. हा उठाव झाला ते तलासरी, डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. एकच पुस्तक वाचायला वेळ असेल तर मी गॅझेटियर बाजूला ठेवून हे वाचा म्हणेन.

त्याहून मागे जायचं असेल तर 'महिकावतीची बखर'. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. महिकावती म्हणजे माहीम. मजकूर वेगवेगळ्या काळांत लिहिला गेलेला, त्यामुळे प्रत्येक सनावर विश्वास टाकू नये, पण बिंब राजाच्या कथेत आपल्याच लोकलच्या वाटेवरची गावं भेटायला लागतात. राजवाड्यांची प्रस्तावना लांबलचक आणि ठाम मतांची आहे. मला ती बखरीइतकीच आवडते. शिलाहारांचे कोरीव लेख मुळातून पाहायचे तर वा. वि. मिराशींकडे वळा, पण ते घाईने वाचायचं काम नाही.

ही मराठी पुस्तकं विकत घेण्याआधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद व्हा. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये सुरू झालेलं हे ग्रंथालय आपल्या गावात आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तिथल्या माणसांना विषय सांगा, नुसतं पुस्तकाचं नाव सांगून थांबू नका.

नवी मुंबईबद्दलही विचारलंत. तिथे दोन बाजू शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ते लेखन सहज मिळतं. जमिनी गेलेल्या आगरी-कोळी गावांची बाजू मात्र या गावांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्याबद्दलच्या लेखनात आणि उरणजवळच्या जासईच्या जानेवारी १९८४ मधल्या आंदोलनाच्या आठवणींत विखुरलेली आहे. ओळखीचं कुणी त्या गावांतलं असेल तर आधी त्यांच्या घरी जाऊन बसा, पुस्तकं नंतर वाचलीत तरी चालेल.