पहिला पिकअप घेताना
कंपनीच्या नावावर अडून बसू नकोस. टोयोटा हायलक्स 1968 पासून बाजारात आहे, दणकट म्हणून नावाजलेली. पण निगा न राखलेली हायलक्सही खिसा रिकामा करते.

जुनी घेणार असशील तर आधी गाडीखाली शिर. चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), विशेषतः मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जोडलेत तिथे, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. गंजाचे पापुद्रे सुटले की सरळ परत फिर. ताजा काळा रंग दिसला तर गंज लपवल्याचा संशय घ्यायलाच हवा.

मग:
- इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लाव. आधीच तापवून ठेवलं असेल तर खोट लपते, दुसऱ्या दिवशी ये.
- ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा? ऑइलमध्ये पाणी जात असेल.
- सर्व्हिसची बिलं माग. नवशिके नुसत्या किलोमीटरला भुलतात.

टर्बो, गिअर रेशो वगैरे नंतर बघू. आधी सांग, रोज किती वजन वाहणार आहेस?