सगळं विकू नका, पण फीचे पैसे आत्ताच बाजूला काढा

प्रश्न (मार्च 2025): आम्ही इचलकरंजीला राहतो. माझं वय 47, सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहे. पत्नी प्राथमिक शिक्षिका. जून 2019 पासून म्युच्युअल फंडांत महिन्याला 20,000 रुपयांची एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) चालू आहे: 8,000 स्मॉलकॅपमध्ये (लहान कंपन्यांचे शेअर), 6,000 इंडेक्स फंडात (निर्देशांकामागे चालणारा) आणि 6,000 पत्नीच्या पगारातून, तिच्याच नावे फ्लेक्सीकॅपमध्ये (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्या). गेल्या सप्टेंबरात 26 लाख दिसत होते, आज 21 लाख 60 हजार आहेत. त्यात स्मॉलकॅपचे 9 लाख 40 हजार. मुलगी बारावीची परीक्षा देतेय. इंजिनिअरिंगला हॉस्टेलसकट वर्षाला 2 लाख 60 हजार लागतील असा अंदाज आहे. सगळं विकून पतसंस्थेत साडेनऊ टक्क्यांनी ठेवावं आणि बाजार स्थिरावला की परत यावं, असं वाटतं. साडू म्हणतात, विकू नकोस, ऑप्शनमध्ये (शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत) नुकसान भरून काढ. काय करावं?

उत्तर: तुम्ही हिशेबनीस आहात, म्हणून आधी आकडा नीट लावू. घट 4 लाख 40 हजारांची नाही, 5 लाख 40 हजारांची आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत तुम्ही आणखी एक लाख भरलेत. निफ्टी, म्हणजे देशातल्या 50 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, सप्टेंबर 2024 अखेरच्या 26,277 च्या उच्चांकावरून फेब्रुवारी 2025 अखेर 22,124 वर आला, म्हणजे सुमारे 16 टक्के खाली. स्मॉलकॅपचे निर्देशांक पाव हिश्श्याच्या आसपास घसरले. तुमचे निम्म्याच्या जवळपास पैसे तिथेच आहेत, म्हणून तुम्हाला झळ जास्त बसली. बाजाराइतकाच हा वाटणीचाही प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट तुमच्याच पासबुकात आहे. 23 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात 13 टक्के कोसळून 7,610 वर बंद झाला. तेव्हा तुमची एसआयपी दहाच महिन्यांची होती आणि ती तुम्ही थांबवली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात निफ्टीने जानेवारीचा उच्चांक ओलांडला. आज तुमच्या खात्यात सर्वात जास्त नफ्यात असलेली युनिटं (फंडातले तुमचे हिस्से) त्याच काळातली असणार. पण तेव्हा खात्यात दोन लाख होते, आज 21 आहेत, आणि फी चार-पाच महिन्यांवर आली आहे. तेव्हा घट्ट राहिलात म्हणून आताही राहा, असं मी म्हणणार नाही.

कारण बाजार नेहमी आठ महिन्यांत सावरत नाही. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरात 8 हजारांच्याही खाली उतरला आणि पुन्हा 21 हजारांना भिडायला 2010 ची दिवाळी उजाडली. जपानच्या निक्केईला 1989 चा उच्चांक ओलांडायला 2024 साल लागलं. तुमच्या निवृत्तीला अकरा-बारा वर्षं आहेत, ते पैसे तीन वर्षं थांबू शकतात. कॉलेजचा प्रवेश थांबत नाही.

म्हणून पहिल्या दोन वर्षांची फी, 5 लाख 20 हजार, बाजारातून बाहेर काढा. भाव उतरलेला आहे हे मान्य, तरीही काढा. ती कशी काढायची यावर मात्र जरा वेळ घालवा.

सगळी रक्कम स्मॉलकॅपमधून एकदम काढलीत तर सर्वात जुनी युनिटं आधी विकली जातात आणि नफा त्यांच्यातच जास्त असतो. तुमच्या बाबतीत नफा साधारण 3 लाख 40 हजार निघेल असं धरू. वर्षभरापेक्षा जुन्या युनिटांवर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे. उरलेल्या 2 लाख 15 हजारांवर साडेबारा टक्के आणि त्यावर उपकर, म्हणजे जवळपास 28 हजार रुपये. एका सत्राच्या मेसचे पैसे गेले म्हणा. त्याऐवजी 1 लाख 90 हजार मार्चमध्ये काढा, तितकेच एप्रिलमध्ये, आणि उरलेले 1 लाख 40 हजार पत्नीच्या फ्लेक्सीकॅपमधून. दोन आर्थिक वर्षं, दोन माणसं, प्रत्येकाची सव्वा लाखाची सवलत वेगळी. कर बहुधा शून्यावर येईल. त्याआधी दोघांच्या नावाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट मागवून नफ्याचा नेमका आकडा बघा, माझा अंदाज आहे. आणि तारीख सांभाळा: 29 आणि 30 मार्च 2025 शनिवार-रविवार, 31 ला ईदची सुट्टी. या आर्थिक वर्षातला शेवटचा दिवस 28 मार्च, तोही दुपारी तीनच्या आत. त्या दिवसापर्यंत थांबूच नका. तिसऱ्या आठवड्यात उरकून टाका.

आता पतसंस्था. साडेनऊ टक्के ऐकायला छान आहे, पण पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं. बँकेत ते प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत, व्याज धरून 5 लाखांपर्यंत आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईतल्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा लोकांना हा विमा आठवला. आपल्या भागात चेअरमन ओळखीचा असतो, संचालक पाहुण्यातला असतो, म्हणून ठेव ठेवली जाते. ओळखीने ठेव सुरक्षित होत नाही. फीचे पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा: पहिल्या वर्षाचे जुलैपर्यंत, दुसऱ्या वर्षाचे पुढच्या जुलैपर्यंत, दोन वेगळ्या पावत्या. व्याज साडेनऊपेक्षा कमी मिळेल, कर जाऊन आणखी कमी. इथे व्याज हा मुद्दाच नाही.

उरलेल्या 16 लाख 40 हजारांना हात लावू नका. ‘स्थिरावला की परत येईन’ यात दोन निर्णय आहेत, आणि दुसरा पहिल्यापेक्षा अवघड. बाजार स्थिर वाटायला लागतो तेव्हा तो बराच वर गेलेला असतो, मग आपण ‘थोडा खाली येऊ दे’ म्हणत ठेवीच्या पावत्या नूतनीकरण करत राहतो. एप्रिल 2020 मध्ये बाहेर पडलेले आणि 2021 च्या दिवाळीला दुप्पट भावात परत आलेले लोक मी पाहिले आहेत.

एसआयपीत एकच बदल करा. स्मॉलकॅपचे 8,000 थांबवून त्याच तारखेला आवर्ती ठेवीत वळवा. जून 2027 पर्यंत तिसऱ्या वर्षाची बहुतेक फी तिथेच जमेल. चौथ्या वर्षाचं तेव्हा बघू. इंडेक्स आणि फ्लेक्सीकॅपचे बारा हजार चालू राहू द्या.

साडूंना नमस्कार सांगा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या दर 100 वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 जण तोट्यात गेले. ते स्वतः उरलेल्या सातांत असतील तर त्यांच्याकडून चहा घ्या, सल्ला नको.

तुमच्या पत्रात दोन गोष्टींचा उल्लेख नाही. सुताच्या धंद्यात मंदी आली आणि तुमचा पगार तीन-चार महिने रखडला, तर घर चालवायला बँकेत वेगळे पैसे आहेत का? नसतील तर आणखी लाख-दीड लाख एप्रिलमध्ये पत्नीच्या फंडातून काढा. तेवढी सवलत शिल्लक राहते का, ते स्टेटमेंटवरून ठरवा. आणि तुमच्या नावावर मुदत विमा आहे का, किती रकमेचा, हे कळवा.