शिफ्ट थांबल्या म्हणजे थेरियनपण संपलं का? शाळेपासून साठीपर्यंत काय बदलतं

तुझे प्रश्न तीन आहेत, त्याच क्रमाने घेते. थेरियन म्हणजे शरीर माणसाचं आहे हे माहीत असूनही आपण आतून एखादा प्राणी आहोत असं ज्यांना वाटतं ते. तुला सातवीपासून आपण आतून लांडगा आहोत असं वाटत आलं, विट्याजवळच्या माळावर क्वाड्रोबिक्स, म्हणजे प्राण्यासारखं हातापायांवर चालणं-पळणं केलं, प्राण्यांचे मास्क बनवले. आता तू १९ ची, सांगलीत हॉस्टेलला, आणि वर्षभरात शिफ्ट, म्हणजे काही वेळ आतला प्राणी जोरात जाणवणं, जवळजवळ बंद. म्हणून पहिला प्रश्न, ते वयाचं खूळ होतं का. दुसरा, घरी स्थळं बघायला लागलेत, तर पुढे चाळिशीत, म्हातारपणी याचं काय होतं. तिसरा, ११ वर्षांचा भाऊ आता मास्क मागतोय, त्याला द्यावा का.

पहिल्याचं उत्तर: शिफ्ट थांबल्या एवढ्यावरून खूळ ठरत नाही. शिफ्ट हा थेरियनपणाचा सगळ्यात ठळक भाग आहे, मूळ भाग नव्हे. मेंटल शिफ्टमध्ये काही मिनिटं, कधी काही तास शब्द मागे पडतात, वास आणि आवाज पुढे येतात, अंगाला वेगळी ओढ लागते. फँटम शिफ्टमध्ये शेपूट, टोकदार कान, पुढे आलेलं मुस्कट, जे नाहीच ते जाणवतं. किशोरवयात दोन्ही बऱ्याचदा जोरात असतात. शरीर झपाट्याने बदलत असतं, झोप मोडलेली असते, दहावीचा ताण डोक्यावर असतो. शिवाय आपल्याला जे होतं त्याला नाव आहे हे नुकतंच कळलेलं असतं, त्यामुळे दिवसभर लक्ष तिथंच लागलेलं. लक्ष लागलं की जाणीव वाढते. पुढे नावाची नवलाई ओसरते आणि जाणीव रोजच्या स्वभावात मिसळायला लागते. काही थेरियनना तर कधीच शिफ्ट होत नाहीत, प्राणी आणि माणूस कायम एकत्रच असतात. त्यांना कंथेरियन म्हणतात. किशोरवयात जोरदार शिफ्ट असलेले काही जण पुढे तिकडे झुकतात.

तुझ्या बाबतीत आणखी एक साधं कारण असू शकतं. चौघींच्या खोलीत अंग आपोआप आवरलं जातं. गुरगुरावंसं वाटलं तरी घसा आधीच बंद होतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर चार-पाच दिवसांनी काय होतं ते बघ, म्हणजे हे दबलेलं आहे की निवलेलं, ते कळेल.

त्यासाठी तीन महिने वही ठेव. तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप किती तास, पाळीचा कितवा दिवस, कुठे होतीस, नेमकं काय बदललं, किती वेळ टिकलं, जोर ० ते ५ मध्ये किती. वहीत प्राण्याचं नाव लिहायचं नाही. 'लांडग्यासारखं वाटलं' ही नोंद निरुपयोगी आहे. 'मेसमध्ये पाठीमागून कुणी आलं तेव्हा ताट जवळ ओढलं, ओठ वर गेला, बोलता आलं नाही, दोन मिनिटं' ही नोंद कामाची. शिफ्ट नसलेल्या दिवशीही रात्री दोन ओळी लिही: आज लोकांत कसं वाटलं, अंग आपलं वाटलं का. बहुतेक जण ज्या नोंदी टाळतात त्या याच, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर याच नोंदींत सापडेल. शिफ्ट शांत असतानाही माणसांच्या घोळक्याकडे थोडं बाहेरून बघितल्यासारखं वाटत असेल, आपण माणसापेक्षा वेगळा प्राणी आहोत ही जाणीव न बोलावता येत असेल, तर ते शिल्लक आहे. काहीच उरलं नसेल तर तेही खरंच. सहा वर्षं जे वाटलं ते वाटत होतंच. आज नाही म्हणून तेव्हा खोटं होतं असं होत नाही आणि कुणाला खुलासाही द्यावा लागत नाही.

लांडग्याबद्दलही एक तपासणी कर. तुझ्या डोळ्यासमोर येतो तो दाट केसांचा, बर्फातला, मोठ्या कळपातला लांडगा आहे का? आटपाडी, जत, माण, खटावच्या माळरानावरचा लांडगा अंगाने हडकुळा, आखूड केसांचा, मातकट रंगाचा, छोट्या कुटुंबात राहणारा, उन्हाच्या वेळी झुडपाच्या सावलीत पडून राहणारा. थेरिओटाइप, म्हणजे आपण आतून जो प्राणी आहोत तो, आपल्याच तालुक्यातला असावा असा नियम नाही, पण चित्र फक्त मोबाइलच्या पडद्यावरून आलं असेल तर ते हलवून बघावं लागतं. कोल्हा, खोकड, तरस आणि गावठी कुत्रा यांची वागणूक लांडग्याच्या शेजारी ठेवून वाच. कळप हवासा वाटतो की जोडी, पाठलाग की दबा, रात्र की पहाट. थेरिओटाइप चुकीचा ठरला म्हणजे थेरियनपण चुकीचं ठरलं असं नाही. कित्येकांचा प्राणी विशीत पुन्हा तपासल्यावर बदलतो. आणि एखाद्या प्राण्यावर अतोनात जीव असणं, तो आपल्या कुटुंबातला वाटणं, पण आपण तोच आहोत असं न वाटणं, याला हार्टटाइप म्हणतात. माणसासारख्या वागणाऱ्या प्राणी-पात्रांचे चाहते, म्हणजे फरी, आणखी वेगळे.

डॉक्टर कधी गाठायचा तेही इथेच सांगते. आपलं शरीर माणसाचं आहे हे थेरियनला पक्कं माहीत असतं. शरीर खरोखर बदलतंय अशी खात्री वाटायला लागली, मधले तास आठवेनासे झाले, हुकूम देणारे आवाज ऐकू आले किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. क्लिनिकल लायकॅन्थ्रोपी हा दुर्मीळ भ्रमाचा प्रकार आहे, त्याला उपचार लागतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. शेपटीच्या जाणिवेबाबत एक फरक लक्षात ठेव. एसटीच्या सीटवर शेपूट दबल्यासारखी वाटणं फँटम असतं. थोडं पुढे सरकून बसलं, कमरेमागे ओढणीची गुंडाळी ठेवली की बरं वाटतं. पण माकडहाडावर बोट दाबल्यावर दुखत असेल, पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर तो हाडाचा किंवा नसेचा प्रश्न आहे, त्याला थेरियनपण समजून बसू नकोस. प्रत्यक्ष शारीरिक रूपांतर शिकवतो म्हणणाऱ्या कुठल्याही 'गुरू'पासून आणि गटापासून मात्र लांब राहा. तसं होत नाही, आणि तिथं पोरांना पैशासाठी आणि त्याहून वाईट कामांसाठी ओढलं जातं.

आता दुसरा प्रश्न. आजच्या थेरियन समाजाची सुरुवात १९९० च्या दशकात इंटरनेटवरच्या युझनेट या जुन्या चर्चागटांमधून झाली. 'ऑल्ट डॉट हॉरर डॉट वेअरवुल्व्ज' हा भयकथांचा गट होता, तिथं काहींनी हे आपल्याला खरंच वाटतं असं लिहायला सुरुवात केली. तेव्हा विशीत असलेले आज पन्नाशीत आहेत. या जुन्या मंडळींना ग्रेमझल म्हणतात. थेरियनांचं थीटा-डेल्टा हे चिन्ह २००३ चं. मास्क आणि क्वाड्रोबिक्सचे व्हिडिओ त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले. त्यामुळे मास्क सुटला म्हणून ओळख सुटली असं मानायला काहीच आधार नाही. पहिल्या पिढीकडे मास्क नव्हतेच.

विशीत खरी अडचण वेळेची आणि एकांताची. व्हायव्हाच्या आधी शिफ्ट आली आणि शब्द सुचेनासे झाले तर पाय जमिनीवर सपाट टेक, गार पाण्याचा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धर, समोरच्या भिंतीवरची पाटी मोठ्याने वाच. वाचा परत येण्यासाठी मोठ्याने वाचणं सगळ्यात उपयोगी. सलग काही दिवस झोप कमी झाली की नको तेव्हाच्या शिफ्ट वाढू शकतात. आठवड्यातून एक-दोनदा तासभर एकटीने चालणं ठरवूनच ठेव. सांगलीत कृष्णेच्या घाटावर पहाटे गर्दी कमी असते.

लग्नाचं. कांदेपोह्याच्या दिवशी नको, साखरपुड्यानंतरही नको. दोघांचं दोन-तीनदा मोकळं बोलणं झालं की, होकार देण्याआधी. 'थेरियन' या शब्दापासून सुरुवात केलीस तर तो तिथल्या तिथं मोबाइलवर शोधेल आणि सगळ्यात विचित्र व्हिडिओ आधी पाहील. आधी काय होतं ते सांग: लहानपणापासून मला आतून प्राण्यासारखं वाटतं, मी आजारी नाही, मला रोज थोडा वेळ एकटीला लागतो आणि याची चेष्टा चालणार नाही. शब्द नंतर. लेखी पाठवू नकोस, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट पोचायला पाच मिनिटं लागत नाहीत. सगळं सांगायलाच हवं असं नाही, पण घरात रोज दिसेल ते आधी सांगितलेलं बरं.

आजीला समजावं म्हणून देवकाचा किंवा खंडोबाच्या वाघ्याचा दाखला देण्याचा मोह होतो. माझ्या मते देऊ नये. ती उपासना आहे, नवस आहे, कुळाची रीत आहे. तुझ्या बाबतीत यातलं काही नाही, आणि दाखला दिलास की बोलणं अंगात येण्यावर जातं, तिथून देवर्षीपर्यंत. कुणी भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो गुन्हा आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं तोच हा कायदा. त्याचा आधार घ्यायला कचरू नकोस.

तिशीत मूल झाल्यावर काहींच्या शिफ्ट कमी होतात आणि एखादी प्रवृत्ती मात्र तीव्र होऊ शकते, विशेषतः पिल्लू राखणं. परक्याने बाळ उचललं की घशात गुरगुर उठते. ती दाबून टाकण्यापेक्षा 'बाळ माझ्याकडे द्या' एवढं वाक्य तयार ठेवावं. चाळिशी-पन्नाशीत गुडघे आणि मनगटं आधी बोलतात. पाळी जाताना झोप उडते, तेव्हा फँटम जाणिवा परत येऊ शकतात, म्हणून घाबरायचं कारण नाही. साठीकडे एक वेगळं दुःख असतं, त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही: आपला प्राणी निसर्गात जितका जगतो त्याच्या कितीतरी पट आपण जगलो, आणि ज्या नाका-कानांवर भिस्त होती तेच मंद झाले. त्यावर व्यायाम नाही. उपयोग होतो तो खऱ्या प्राण्यांसाठी काहीतरी करण्याचा. वनविभाग बऱ्याच अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून प्रगणना करतो, त्यात स्वयंसेवक घेतात. तिथं एका जागी रात्रभर गप्प बसता यायला हवं, आणि त्यात थेरियन कमी पडत नाहीत.

आता भाऊ. ११ व्या वर्षी प्राणी होऊन खेळणं हा नुसता खेळ असू शकतो, थेरियनपणाची चाहूलही असू शकते. आत्ता ठरवू नका. मास्क द्या, नाव देऊ नका. 'तू थेरियन आहेस' असं तू म्हणालीस तर तुझ्यावरच्या प्रेमापोटी तो हो म्हणेल.

मास्कसाठी पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा साधा साचा, वर फेल्ट, आतून कपाळाला आणि नाकाला फोमची पट्टी, मागे एक इंच रुंद इलॅस्टिक. बारीक इलॅस्टिक कानामागे कापतं. रंगाला सिंथेटिक ब्रश घे. मुंगसाच्या केसांच्या ब्रशचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, तसंच कुठल्याही वन्यप्राण्याचं नख, कातडं, शेपूट जत्रेतसुद्धा विकत घ्यायचं नाही. मास्क घालून पळायचं नाही, बाजूचं दिसत नाही.

क्वाड्रोबिक्स करायचंच असेल तर आधी दहा मिनिटं मनगटं, खांदे, घोटे मोकळे करायचे. पहिले दोन आठवडे फक्त चालणं: बोटं पसरलेली, कोपर किंचित वाकलेलं. मग उजवा हात-डावा पाय असा दुडका. उड्या सगळ्यात शेवटी, गुडघ्याच्या उंचीच्या वर नाही. आठवड्यात तीन दिवस, १५ मिनिटं पुरे. कोपर ताठ ठेवून तळव्याच्या टाचेवर उतरलं की सगळा दणका मनगटात जातो. या वयात हाडाच्या टोकाची वाढ चालू असते, म्हणून मनगट आठवडाभर दुखत राहिलं तर थांबवून डॉक्टरला दाखवा. जागा म्हणजे मऊ गवत किंवा तालमीची माती, डांबर आणि फरशी नको. गावच्या तालमीत जोर काढायला पाठव, मनगटाला त्याहून चांगली तयारी नाही. पावसाळ्यानंतर माळावर सराटे आणि कुसळं असतात, रबरी तळव्याचे हातमोजे हवेतच. कास पठारावर तर अजिबात नको, तिथली फुलं पायाखाली जातात.

दोन धोके मात्र खरे आहेत. चार पायांवर पळणाऱ्या पोरावर गल्लीतली कुत्री धावून येतात. दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस. दुसरा बिबट्या. कराड, पाटण, शिराळ्याकडे उसात बिबट्या असतो आणि वाकलेलं, जमिनीलगतचं अंग त्याला भक्ष्यासारखं दिसतं. मामाच्या गावी गेला तर उसाच्या कडेला दिवेलागणीनंतर खेळायचं नाही. बिबट्या दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवायचं.

तीन महिन्यांनी वही घेऊन इथंच लिही, आणि आधी झोपेचा रकाना सांग, शिफ्टचा नंतर.